नात्याचा रकाना

माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारतात, पोराबाळांचं विचारतात, आमच्याकडे तर बाराही महिने उन्हाला शिव्या घालतात. अक्का विचारायच्या, "कर बरोबर कापलाय का?" समोरचा नोकरदार असला की त्याची सुटका नसे. पगारपत्रक खिशात असेल तर लगेच, नसेल तर उद्या, पण ते अक्कांना दाखवावंच लागे. नोकरदार नसला तर त्यांचा चेहरा जरा उतरे आणि बोलणं तिथंच संपे.

जळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो तेव्हा अक्का तिथं मुख्य लिपिक होत्या. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी धुळ्याचा, बावीस वर्षांचा, आणि आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीचा. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. पत्रक ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचलं आणि खेदानं परत दिलं.

"धुळेकर, एवढ्या पगारावर तू तर कराला लागतच नाहीस रे."

बावीस वर्षांचा होऊनही मिसरूड न फुटल्यासारखं मला वाटलं. पुढे कळलं की कराला लागणं ही अक्कांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. कुणाच्या घरी पाळणा हलला, की पेढा तोंडात टाकून त्या म्हणायच्या, "कराला लागण्याइतका मोठा होऊ दे." पोरांचे आईबाप गोंधळायचे. हा आशीर्वाद आहे की शाप, हे चटकन कळायचं नाही.

अक्का पन्नाशीला टेकलेल्या होत्या. ठेंगण्या, फिकट रंगाचं सुती पातळ, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ आणि कानामागे पेन्सिल. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी त्यांना गणनयंत्र भेट दिलं होतं. ते त्या कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला वापरत. आकडेमोड तोंडी. एकदा बघितलेल्या आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका, दुसऱ्यांदा बघितला की ठिपक्याभोवती गोल. आणि टेबलापुढे एक रिकामी खुर्ची, तपासून घ्यायला येणाऱ्याची. कागद ठेवून जातो, नंतर बघा, असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"माणूस समोर नसताना मी कागद बघत नाही. कागदाला काय विचारू? तुझी बायको कुठं असते, तुझा बाप कमावतो का, हे कागद सांगतो का?"

जानेवारीत त्या खुर्चीला उसंत नसायची. साठ-पासष्ट माणसांचा स्टाफ, प्रत्येकाच्या विम्याच्या, बचतीच्या, घरभाड्याच्या पावत्या. त्या जोडून वर्षाचा कर काढायचा आणि राहिलेला फेब्रुवारीच्या पगारातून कापायचा. एकदा अर्थशास्त्राचे प्राध्यापक आले. सरकार कर कसा लावतं, हेच ते वर्गात शिकवायचे. त्यांनी घरभाड्याची पावती पुढे केली. अक्कांनी ती उजेडाकडे धरली.

"सर, हे घरमालक तुमचे सासरे ना?"

"हो, पण भाडं देतो मी."

"द्यायलाच पाहिजे. मग सासरे ते आपल्या उत्पन्नात दाखवतात का? नसले दाखवत तर घेऊन या त्यांना. हीच खुर्ची आहे. त्यांचंही बघते."

सरांनी पावती घडी करून खिशात घातली. भाडंही द्यायचे थांबले असावेत.

पण हीच बाई शिपायासाठी चार महिने भांडली. आमचे आबा धरणगावकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांच्या पगारातून व्यवसाय कर एक पायरी वरचा कापला जात होता. आधीच्या कुणा लिपिकानं एकदा चुकीचा आकडा घातला आणि पुढच्यांनी तो उतरवत नेला. आबांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सही करता येस माले, वाचता येत नही. जे दिधं ते लिधं." अक्कांनी पत्रांमागून पत्रं धाडली, दोनदा स्वतः जाऊन बसल्या. पैसे परत आले त्या दिवशी आबा केळ्यांची फणी घेऊन आले. "बठ्ठा पैसा परत उना, अक्का!" अक्कांनी एक केळं तोडून तिथंच खाल्लं आणि फणी परत दिली. मग आबांना समोर बसवून ते पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. आबा सगळ्या ओळींना मान हलवत होते.

अक्कांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आठवड्याच्या मजुरीतून दर वेळी काहीतरी कापलं जायचं. काय आणि कशाबद्दल, हे विचारायची त्यांची छाती नव्हती. अंगठा द्यायचा आणि घरी यायचं. अक्का चौथीत गेल्यावर वडील त्यांना मोठ्या आशेनं बरोबर घेऊन गेले. आता पोरगी वाचून सांगेल. "गेले, तर तिथं वाचायला काही नव्हतंच," अक्का मला सांगत होत्या. "नुसती नावं आणि अंगठे. कापलं ते बरोबर की चूक, हे अजून मला माहीत नाही." हे सांगताना त्या हसल्या, मीही हसलो. आता हसू येत नाही.

फेब्रुवारीचं पगारबिल गेलं की खुर्ची रिकामी व्हायची. मार्चपासून डिसेंबरपर्यंत अक्कांकडे कुणाचं काही काम नसे. दुपारी त्या कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन आपल्या टेबलावर एकट्या जेवायच्या, आम्ही बाकीचे मागच्या खोलीत गोल करून बसायचो. पावत्या तपासून घ्यायला सगळे होते. त्यांच्या घरी चहाला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. अक्का बौद्ध होत्या. हे कारण कुणी बोलून दाखवत नसे, वेळ मिळत नाही असंच सगळे म्हणायचे. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काढली आणि त्यांच्या दोन खोल्यांत एकदाच गेलो. मलाही वेळ मिळत नव्हता.

पुढे मला धुळ्यात नोकरी लागली आणि मी एकदाचा कराला लागलो. मग दर फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड यायचं. वर "जयभीम", खाली एकच ओळ, "कर बरोबर कापला का ते कळव." मी दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा राहून गेलं. त्या मात्र लिहीत राहिल्या. एका फेब्रुवारीत कार्ड आलं नाही. आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते एप्रिलमध्ये. तोवर त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. याची मला आजही लाज वाटते.

पण मला सांगायची आहे ती माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट.

दिवाळीनंतरचा एक शनिवार होता. मी घरी निघालो, तर जळगावच्या स्टँडवर अक्का. हातात ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचा, पत्र्याचा डबा, फडक्यात बांधलेला.

"धुळ्याला? मीही चाललेय. तिथं देवपूरला माझं माणूस आहे."

गाडी पाळधीच्या पुढे गेली आणि अक्कांनी तिकिटाबरोबर कंडक्टरलाच धरलं. "भाऊ, तुमचा व्यवसाय कर किती कापतात?" तो आधी हसला. एरंडोलला त्यानं पिशवीतून पगारपत्रक काढलं. पारोळ्यापर्यंत तो अक्कांच्या शेजारी बसून होता आणि मधल्या फाट्यावर उतरणारा म्हातारा घंटी मारा, घंटी मारा म्हणून ओरडत होता. कंडक्टरचा कर बरोबर निघाला. अक्का जरा हिरमुसल्या, पण दोन्ही वेळा तपासून झालं होतं.

धुळ्याला उतरल्यावर मी विचारलं, "रिक्षा करून देऊ?" म्हणाल्या, "जाईन मी." मी घरी गेलो. तासाभरानं मित्राला गाडीत बसवायला पुन्हा स्टँडवर आलो, तर अक्का तिथल्याच एका बाकावर, डबा मांडीवर. जळगावची गाडी लागली, तशा त्या उठल्या आणि डब्यासकट चढल्या. मी चार हातांवर उभा होतो. हाक मारली नाही. सोमवारी त्यांनी तेच बिबडे तळून ऑफिसात आणले, आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

देवपूरचं ते माणूस म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. हे मला नंतर समजलं, पण इथंच सांगून टाकतो. भावाला चार मुली, बायको अंथरुणाला खिळलेली. तेव्हा तिसरी, पाच वर्षांची, अक्का जळगावला घेऊन आल्या. पंधरा वर्षं वाढवली. शाळा, कॉलेज, गोवर, कावीळ, सगळं त्यांनी काढलं. मग धुळ्याचं स्थळ आलं, आणि भाऊ येऊन मुलीला घेऊन गेला. पोरगी दुसऱ्याच्या घरी वाढली म्हटलं तर लोक शंका घेतील, म्हणून सासरी सांगितलंच नाही. लग्नात अक्का इतर आत्यांच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे मुलीचंच पत्र आलं, "आत्या, सारखी येऊ नको. ही आत्याच एवढी का येते, असं इकडे विचारतात." तरी दिवाळीला त्यांना राहवायचं नाही. धुळ्यापर्यंत जायच्या, आणि स्टँडवरून पुढे पाय निघायचा नाही.

यातलं काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अक्कांच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, हजेरीपटावर नावामागे 'श्रीमती' होतं. नवरा वारला असेल, धुळ्याला लेक दिली असेल आणि जावयाशी पटत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवण्यात मी तेव्हा फार तरबेज होतो.

जानेवारी आला. अक्कांचा एक कडक नियम होता. आपलं करपत्रक आपण भरायचं नाही. "आपला डोळा आपल्याला फसवतो," म्हणायच्या. सगळ्यांची पत्रकं त्या करायच्या आणि त्यांचं पत्रक ऑफिसातला सगळ्यात नवा माणूस करायचा. त्या वर्षी तो मी होतो. त्यांनी आपली फाईल माझ्यापुढे ठेवली आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं. "तू सुरू कर," म्हणून गेल्या.

फाईलच्या तळाशी विम्याच्या हप्त्याची एक पावती होती. नाव कुमारी अमुकतमुक, आडनाव अक्कांचंच. पैसे अक्कांनी भरलेले. असा हप्ता मागच्या कुठल्याच वर्षाच्या पत्रकात धरलेला नव्हता. मला घबाड सापडलं! त्या काळी स्वतःच्या, नवऱ्याबायकोच्या आणि मुलांच्या विम्याच्या हप्त्यावर करात सवलत मिळायची. अख्ख्या कॉलेजचा कर तपासणारी बाई स्वतःचीच सवलत घ्यायला विसरते! मी ऐटीत पावती जोडली, रक्कम घातली आणि 'विमाधारकाशी नाते' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुलगी'.

अक्का परत आल्या. मी पत्रक पुढे सरकवलं. "अक्का, पंच्याऐंशी रुपये वाचवले तुमचे. ही पावती राहूनच गेली होती."

त्यांनी कागद घेतला. पेन्सिल कानामागून काढली. एकेका आकड्याखाली ठिपका देत त्या खाली आल्या आणि त्या रकान्यापाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, रक्कम तपासतायत. मग पेन्सिल ठेवून त्यांनी पेन उचललं आणि 'वरील माहिती खरी आहे' याच्या खाली सही केली.

"चहा पितोस?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला चहा पाजल्याची ती पहिलीच वेळ.

पुढचे तीनेक आठवडे अक्का निराळ्याच दिसत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याशी जास्त बोलायच्या. दिवसातून एकदा तरी आपली फाईल काढायच्या, एक पान बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. मी आपला खूश. पंच्याऐंशी रुपयांत बाईचा जीव केवढा सुखावला, असं वाटत होतं.

बिल वीस तारखेला जायचं होतं. एकोणीसला दुपारी मी आबांपुढे फुशारकी मारली. अक्कांची चूक मी कशी पकडली, त्यांच्या मुलीच्या विम्याची पावती कशी शोधली, वगैरे. आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"कोन्ही पोर? अक्कानं तर लगीनच नही व्हयेल. ती तिन्हा भाऊनी पोर शे. अक्कानी लहाननी मोठी करी."

आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं, जे वर लिहिलं आहे.

भाचीच्या विम्यावर सवलत मिळत नाही, हे अक्कांना माहीत होतं, म्हणूनच पावती तळाशी होती. मी त्यांच्याकडून खोट्या माहितीवर सही करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी बिल गेलं असतं आणि तपासणीत कुणी बोट ठेवलं असतं, तर ते बोट अक्कांवर आलं असतं. तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांचा एक आकडा चुकला नव्हता, त्यांच्यावर. माझी नोकरीही अजून कच्चीच होती, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

मी जाऊन समोर उभा राहिलो. "अक्का, माझ्याकडून चूक झाली. तुमच्या पत्रकात. नात्याच्या रकान्यात."

"माहीत आहे."

"केव्हा कळलं?"

"सही केली तेव्हाच. मी न वाचता सही करते का कधी?"

"मग सांगितलं का नाही?"

अक्का घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळत राहिल्या. मग हळू आवाजात बोलल्या.

"पंधरा वर्षं तिच्या शाळेच्या कागदांवर मी सह्या केल्या. दर वेळी विचारायचे, तुम्ही कोण? आत्या म्हटलं, की म्हणायचे, आई नाही का आली? दवाखान्यात तेच. लग्नात तर तिच्या सासूनं विचारलं, या कोण? आणि आमची पोरगी खाली बघत होती. तू एकट्यानं काही विचारलं नाहीस रे. सरळ लिहून मोकळा झालास." त्यांनी फाईल जवळ ओढली. "रोज मी मनाशी म्हणायचे, आज खोडेन. मना जीवच नही व्हयना."

ऑफिसात त्यांच्या तोंडून अहिराणी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. "राहू द्या मग, अक्का," मी म्हणालो. "पंच्याऐंशी रुपयांसाठी कोण बघणार आहे?"

"मी बघणार ना. सरांना सासऱ्याची पावती परत घ्यायला लावणारी मी."

त्या उठल्या. मला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा करून, तपासून घ्यायला आलेल्या माणसासारख्या. पत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं. लाव पेन."

मी पेन घेतलं. मला एवढी शरम वाटत होती, की तो शब्द काळा करून टाकावा, पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये, अशा विचारानं मी गिरवायला वाकलो. अक्कांनी माझं मनगट पकडलं.

"गिरवायचं नाही. एकच रेघ. खोडलं तरी खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. ऑफिसचा नियम आहे."

मी पट्टी लावली आणि एकच रेघ मारली. वर 'भाची' लिहिलं, बाजूला सही केली, तारीख घातली. अक्कांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला. रेघेखालच्या शब्दावर बोट ठेवलं आणि तो वाचला. मोठ्यानं, एकदाच.

"मुलगी."

मग कागद परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "चल, आता कर नव्यानं काढ. एक पैसाही कमी नको."